गिऱ्हाईक कोणाचे?

ऑनलाइन माल विकणारे चार लहान व्यावसायिक एकत्र बसले की एक प्रश्न हमखास निघतो: ‘आणखी कुठे विकायचं?’ घरी मसाले आणि चटण्या करणारी बाई, येवल्याचा विणकर, कोल्हापुरी चपला बनवणारा कारागीर, कापडी पिशव्या शिवणारा बचत गट, सगळ्यांची वाट सारखीच असते. मोठ्या प्लॅटफॉर्मवर दुकान मांडायचे, पहिल्या ऑर्डरींनी हुरूप यायचा, आणि जरा बस्तान बसते न बसते तोच शुल्काचे पत्रक बदलायचे. परत आलेल्या मालाचा भुर्दंड वाढतो, शोधात वर दिसायला जाहिरातीचे पैसे मोजावे लागतात, आणि एखाद्या दिवशी खाते तपासणीसाठी थांबवल्याचा संदेश येतो, ज्याला उत्तर द्यायला समोर माणूस नसतो.

या प्रश्नाला मिळणारे उत्तरही ठरलेले आहे. हा प्लॅटफॉर्म नाही तर तो. तोही नाही तर इन्स्टाग्राम. शिवाय आणखी दोन ठिकाणी माल टाकून ठेवा. माझे म्हणणे असे की हे उत्तर अपुरे आहे, कारण प्रश्नच अर्धा विचारला जातो आहे. कुठे विकायचे हे ठरवण्याआधी विचारले पाहिजे, की विकून झाल्यावर गिऱ्हाईक कोणाकडे राहते? माल गेल्यानंतरही गिऱ्हाईक विक्रेत्याच्या ओळखीत राहत असेल, तर तो खरा पर्यायी मार्ग. एरवी आपण फक्त जागा बदलतो. आणि असा मार्ग केवळ तंत्रज्ञानाने तयार होत नाही, त्यासाठी गिऱ्हाइकांनाही एकत्र यावे लागते. महाराष्ट्राने हे पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलेले आहे.

प्लॅटफॉर्मांनी दिले ते आधी मान्य करू. फ्लिपकार्ट २००७ मध्ये सुरू झाले, अ‍ॅमेझॉनची भारतातली बाजारपेठ जून २०१३ मध्ये उघडली. त्याआधी लातूरच्या बाईने केलेले शेंगदाण्याचे कूट गुवाहाटीच्या घरात पोहोचण्याचा रस्ता जवळजवळ नव्हता. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला आगाऊ पैसे द्यावेत, देशातल्या बहुतेक पिनकोडांवर पुडके पोहोचावे, बिघडले तर पैसे परत मिळावेत, ही व्यवस्था कोणा लहान विक्रेत्याला एकट्याने उभारता आली नसती. त्यामुळे प्लॅटफॉर्मांना नुसती नावे ठेवणे मला पटत नाही. मात्र या सोयीची किंमत कोणत्या रूपात वसूल होते, ते पाहायला हवे.

उदाहरणापुरते, ३५० रुपयांचे एक पुडके घ्या. त्यातून कमिशन जाते, दर ऑर्डरीचे ठरावीक शुल्क जाते, वजन आणि अंतरानुसार वाहतूक जाते, या सगळ्या सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो. विक्रेता जीएसटीत नोंदलेला नसेल, तर त्या कराची वजावटही त्याला मिळत नाही. माल परत आला तर जाण्यायेण्याचा खर्च आणि उघडलेल्या पुडक्याचे नुकसान वेगळे. मीशोने २०२१ मध्ये शून्य कमिशन आणले. अ‍ॅमेझॉननेही एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या लक्षावधी वस्तूंवरचे कमिशन काढले. लहान विक्रेत्याला यामुळे दिलासा मिळाला हे खरे. पण वाहतूक आणि जाहिरात या दोन वाटा उघड्याच राहिल्या. हजारो दुकाने एकच वस्तू विकत असताना वर दिसण्यासाठी पैसे भरणे हे ऐच्छिक उरत नाही. म्हणून कमिशनच्या टक्क्यांवरच वाद घातला, तर मूळ मुद्दा हातातून निसटतो.

शिवाय तिथली गर्दी सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. रॉयटर्सने फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे लिहिले होते, की भारतातल्या ४ लाखांहून अधिक विक्रेत्यांपैकी सुमारे ३५ जणांकडून विक्रीचा दोनतृतीयांश भाग होत होता. कंपनीने त्या वृत्तातली मांडणी नाकारली. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने परकीय गुंतवणुकीचे नियम कडक केले होते: ज्या विक्रेता कंपनीत प्लॅटफॉर्मचे भागभांडवल आहे, तिचा माल त्या प्लॅटफॉर्मवर विकता येणार नाही. जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप दिल्याच्या तक्रारीवरून अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. निकाल काहीही लागो. लाखो लहान दुकानदार ज्या छताखाली बसले आहेत, तिथली पुढची रांग त्यांच्यासाठी नाही, ही शंका सरकारी पातळीवर घेतली गेली एवढे तरी यातून दिसते.

आणि ते छत कायम राहील याचीही हमी नाही. ‘बाझी डॉट कॉम’ २००० साली सुरू झाले, २००४ मध्ये ते ईबेने घेतले आणि जुनी नाणी, पोस्टाची तिकिटे, पुस्तके, कॅमेरे विकणाऱ्या कितीतरी भारतीयांना ऑनलाइन व्यापाराची पहिली ओळख तिथे झाली. २०१७ मध्ये ईबेचा भारतातला व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ‘ईबे डॉट इन’ बंद झाले. वर्षानुवर्षे चोख व्यवहार करून मिळवलेले गिऱ्हाइकांचे चांगले शेरे दुसऱ्या दुकानात चालणारे नव्हते. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ अ‍ॅपांवर बंदी आली आणि तिथल्या चित्रफितींवर ज्यांचा खप होता, त्यांचा प्रेक्षक एका रात्रीत गेला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले. तीन वेगळे मार्ग आहेत असे समजून चालणाऱ्याला ते एकाच मालकाचे आहेत हे त्या रात्री कळले.

सरकारी मार्गही याला अपवाद नाही. परदेशातल्या मुलाबाळांना दिवाळीचा फराळ टपालाने पाठवण्याची पुण्या-मुंबईत मोठी पद्धत आहे आणि त्यावर अनेक घरगुती फराळवाल्यांचा हंगाम चालतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस लहान पार्सलांवरची आयातशुल्काची सूट काढली. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडे जाणाऱ्या बहुतेक पार्सलांची नोंदणी थांबवली, पाठोपाठ सगळीच टपालसेवा थांबली आणि ती पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना. यात टपाल खात्याचा दोष नाही. पण ज्याच्याकडे न्यू जर्सीतल्या आपल्या गिऱ्हाईक कुटुंबाचा थेट क्रमांक होता, तो त्यांना आधीच फोन करून खासगी कुरिअरचा दर सांगू शकत होता, किंवा त्यांच्या पुण्यातल्या नातेवाइकांसाठी तोच डबा देऊ करू शकत होता. रस्ता बंद झाला तरी गिऱ्हाईक शाबूत होते. ज्याच्याकडे तो क्रमांक नव्हता, त्याला यातले काहीच करता आले नाही.

मोठ्या प्लॅटफॉर्मवर नेमका हा क्रमांकच विक्रेत्याला मिळत नाही. गिऱ्हाइकाचा फोन झाकलेला असतो, संदेश प्लॅटफॉर्ममधूनच जातो, खरेदीदाराला बाहेर वळवणारी चिठ्ठी पुडक्यात घालणे अ‍ॅमेझॉनच्या नियमांत निषिद्ध आहे. गिऱ्हाइकाच्या खासगीपणाचे रक्षण हे त्यामागचे एक कारण आहे आणि ते योग्यच आहे. परंतु परिणाम असा होतो, की एखादीने पाच वर्षे हजार घरांना मेतकूट पुरवले तरी त्यातले एकही घर तिला ओळखत नाही. घराच्या लेखी मेतकूट प्लॅटफॉर्मकडून आले. उद्या ती दिसेनाशी झाली, तर त्याच जागी दुसऱ्याचे मेतकूट दिसेल आणि कोणाला फरक जाणवणार नाही.

महाराष्ट्राला ही स्थिती अनोळखी नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाचे दुखणे निव्वळ खंडाच्या दराचे नव्हते. आपण ही जमीन कसली याची कागदावर नोंद नसणे हे त्याहून मोठे दुखणे होते. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा आणि कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांचा लाभ ज्यांना मिळाला, त्यांच्यासाठी पीकपाहणीतले नाव निर्णायक ठरले. नोंद नसलेले कित्येक जण कसत असूनही बाहेर राहिले. ऑनलाइन विक्रेत्याने मिळवलेला लौकिक, त्याला मिळालेले शेरे, त्याच्याकडे पुन्हापुन्हा आलेली घरे ही त्याची कसणूक आहे, आणि तिची नोंद दुसऱ्याच्या दप्तरात आहे. दुसऱ्या जमीनदाराकडे जाऊन ही अडचण सुटत नाही. म्हणून ‘तीन प्लॅटफॉर्मवर माल टाका’ हा सल्ला जोखीम वाटून घेण्यापुरता उपयोगी. त्याने विक्रेता स्वतंत्र होत नाही.

मग स्वतंत्र होण्यासाठी काय लागते? प्लॅटफॉर्म जी कामे एकगठ्ठा करतो ती सुटी करून पाहावीत. ती चार आहेत: पैसे घेणे, माल पोहोचवणे, विश्वास निर्माण करणे आणि नवे गिऱ्हाईक शोधून देणे. पहिल्या दोन कामांचे उत्तर आता लहानातल्या लहान माणसाच्या हातात आहे. २०१६ पासून यूपीआय आहे आणि जानेवारी २०२० पासून त्यावर व्यापाऱ्याला शुल्क नाही. स्पीड पोस्ट आहे, कुरिअर आहे, वेगवेगळ्या कुरिअरचे दर एकत्र दाखवणाऱ्या सेवा आहेत, राज्यात एसटीचे पार्सल आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने व्हीपीपीने पुस्तके मागवली. माल हाती आल्यावर पोस्टमनला पैसे देण्याची ती सोय भारतात १८७७ पासूनची. म्हणजे दूरच्या अनोळखी गिऱ्हाइकाला थेट विकणे ही मुळीच नवी गोष्ट नाही. अडते ते उरलेल्या दोन कामांपाशी, विश्वास आणि ओळख.

या दोन्हींचा उलगडा २०२० च्या उन्हाळ्यात कोकणात झाला. हापूसचा जुना मार्ग सर्वांना माहीत आहे. बागायतदार पेट्या भरून वाशीच्या बाजारात पाठवतो, अडत्या विकतो, खर्च वजा करून हिशेबाची पट्टी पाठवतो. मोहोराच्या वेळी फवारणीसाठी अडत्याकडून उचल घेतलेली असेल, तर माल दुसरीकडे न्यायचा प्रश्नच नसतो. आपला आंबा कोणी खाल्ला, हे बागायतदाराला कळत नाही. टाळेबंदीत ही साखळी विस्कळीत झाली तेव्हा आंबा झाडावर तयार होता आणि थांबणारा नव्हता. अनेक बागायतदारांनी मुंबई, ठाणे, पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांशी थेट बोलणे लावले. सोसायटीतल्या एकाने मागणी गोळा करायची, पैसे यूपीआयने द्यायचे, टेम्पो फाटकापर्यंत आणायचा. गावचा माणूस, नात्यातला, ओळखीचा, एवढ्या आधारावर अनोळखी इमारतींनी पेट्या घेतल्या. ज्यांनी ती नावे आणि क्रमांक वहीत नीट उतरवून ठेवले, पुढच्या फेब्रुवारीत पहिल्या तोडणीची खबर दिली आणि फळ खराब निघाले तेव्हा निमूट बदलून दिले, त्यांचा तो रस्ता टाळेबंदी उठल्यावरही चालू राहिला. ज्यांनी तो आपत्कालीन उपाय मानला, ते पुन्हा पट्टीची वाट पाहू लागले.

यातला विश्वास नातेसंबंधातून आला. पण नाते दहा-वीस इमारतींच्या पलीकडे ताणत नाही. तिथे संस्था लागते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकला जाण्याचे प्रकार मात्र थांबले नाहीत. देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लावण्याची पद्धत आणली. हे स्टिकर एकट्या बागायतदाराने छापले असते तर त्याला कोणी विचारले नसते. संस्थेच्या शिक्क्यामुळे लहान बागेच्या फळालाही ओळख मिळते. प्लॅटफॉर्म चांदण्या मोजून जो विश्वास देतो, तो उत्पादकांची संस्था अशा रीतीने स्वतः देऊ शकते.

ओळखीच्या प्रश्नावर सरकारने सुचवलेले उत्तर म्हणजे ओएनडीसी, डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेले खुले व्यापारजाळे. कल्पना मला मनापासून पटते. विक्रेत्याने एका विक्रेता-अ‍ॅपमधून माल मांडला, की तो त्या जाळ्यातल्या अनेक खरेदी-अ‍ॅपांवर दिसावा. दुकान एकाचे, खिडक्या अनेकांच्या. मक्तेदारीची मुळे सैल करणारी ही रचना आहे. अडचण अशी, की जाळे खुले असले तरी गिऱ्हाईक कुठल्या तरी खरेदी-अ‍ॅपचेच राहते. सुरुवातीला सवलती होत्या तोवर खाद्यपदार्थ आणि किराणा जोरात होते. त्या आटल्यावर ऑर्डरी मंदावल्या. माल बिघडला तर तक्रार खरेदी-अ‍ॅपकडे करायची, विक्रेता-अ‍ॅपकडे की कुरिअरकडे, हा घोळ घरोघरी झाला. रस्ते खुले करणे आवश्यकच आहे. पण माणूस एखाद्या दुकानाकडे पुन्हा वळतो तो रस्त्यामुळे वळत नाही.

इथे सत्तरच्या दशकातली मुंबई आठवावी लागते. मराठी पुस्तकांना वाचक नाही, वितरण नाही, ही रड तेव्हाही होती. दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथाली ही वाचक चळवळ उभी केली. वाचकाने सभासद व्हायचे, पैसे आधी भरायचे, पुस्तके थेट त्याच्याकडे जायची; गावोगावचे सभासदच प्रदर्शने मांडायचे, ग्रंथयात्रा काढायचे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीने काढले. लेखकाचे ते पहिलेच आत्मकथन, विषय मध्यमवर्गाला अस्वस्थ करणारा. तरी ते महाराष्ट्रभर पोहोचले, कारण वाट पाहणारा वाचक आधीच बांधलेला होता.

त्याच दशकात, १९७५ च्या गुढीपाडव्याला, बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. भेसळ आणि साठेबाजीचे ते दिवस. शेजारच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची, पंचायतीने सर्वांची एकत्र खरेदी करायची, माल संघाकडे आला की सभासदांनी आपसांत वाटून घ्यायचा. दुकान नाही, पगारी विक्रेता नाही, जाहिरात नाही. बरेचसे काम घरातल्या स्त्रियांनी केले. हजारो कुटुंबांची ही साखळी आजच्या भाषेत बोलायचे तर हक्काची, मोजता येणारी, आगाऊ कळणारी मागणी होती. एखाद्या लहान उत्पादकाचा माल तपासून यादीत घेतला, की त्याला एका फटक्यात शेकडो घरे मिळत, आणि ती शेजारणीच्या शब्दावर मिळत.

दोन्ही प्रयोगांमागचा विचार सारखा आहे. दोघांनीही विक्रीचा प्रश्न विक्रेत्याच्या बाजूने न सोडवता घेणाऱ्याच्या बाजूने सोडवला. आज आपण लहान विक्रेत्याला छायाचित्रण, लिस्टिंग, जाहिरात शिकवणाऱ्या कार्यशाळा भरवतो. ते शिकवावेच. पण घेणारा विस्कळीत राहिला, तर प्रत्येक विक्रेत्याला प्रत्येक गिऱ्हाईक स्वतंत्र खर्च करून शोधावे लागते, आणि हा खर्च पेलण्याची ताकद फक्त मोठ्यांकडे असते. घेणारे एकत्र आले की शोधण्याचा खर्चच नाहीसा होतो. लहान विक्रेत्यासाठी सर्वांत स्वस्त बाजारपेठ म्हणजे संघटित गिऱ्हाईक.

आपल्याकडे उत्पादक संघटित करण्याची परंपरा याहून बळकट आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेले लिज्जत पापड त्याचे उत्तम उदाहरण. पापड लाटणारी एकही बहीण स्वतः दारोदार विकत फिरत नाही. नाव, दर्जा आणि वितरण संस्थेचे आहे. आजच्या बचत गटांत हाच दुवा निखळलेला दिसतो. गट मिळून कर्ज घेतात, मिळून उत्पादन करतात आणि विकायची वेळ आली की प्रत्येक गट आपला स्टॉल घेऊन एकटा उभा राहतो. मुंबईचे महालक्ष्मी सरस असो की पुण्याची भीमथडी जत्रा, तिथे उत्तम खप होतो; पण प्रदर्शन संपल्यावर बहुतेक गटांकडे उरते ती रोकड. स्टॉलवर थांबून चव घेतलेल्या शेकडो माणसांपैकी कोण कुठे राहतो, काय आवडले, हे कोणी लिहून घेत नाही. चार दिवसांच्या प्रदर्शनाची खरी कमाई ती यादी आहे. आयोजकांनी स्टॉलच्या भाड्यात टेबल-खुर्चीबरोबर एक नोंदवही आणि ती भरायला एक विद्यार्थी दिला, तरी पुढचे वर्षभर त्या गटाला काम मिळेल.

विक्रेत्याने स्वतः काय करावे, हेही स्पष्ट सांगायला हवे. प्लॅटफॉर्म सोडू नये. तो नवे गिऱ्हाईक भेटण्याची जागा म्हणून वापरावा आणि तिथे काय विकायचे ते विचारपूर्वक निवडावे. लहान पुडके, चव पाहण्यापुरता संच, ओळख होईल अशी वस्तू तिथे. हंगामी, मोठी, सांगून करून घ्यायची वस्तू आपल्या थेट मार्गावर. वेष्टनावर आपले नाव आणि गाव ठसठशीत असावे. उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत आणि ग्राहकसेवेचा संपर्क छापणे कायद्यानेच बंधनकारक आहे; अनेक जण ही माहिती बारीक अक्षरांत दडपतात, वास्तविक तीच गिऱ्हाइकाला परत आणणारी वाट आहे. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयची नोंदणी अल्प शुल्कात मिळते. तो १४ आकडी क्रमांक अनोळखी घराला धीर देतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि संदेश पोहोचतो तो आपला क्रमांक ज्याने साठवून ठेवला आहे त्यालाच. बहुतेकांना ही मर्यादा अडचण वाटते. मला ती चांगली शिस्त वाटते. २५६ घरांनी आपणहून क्रमांक साठवावा एवढे काम केले, तर घरगुती उद्योगाचा हंगाम निघू शकतो. त्या घरांना रोज जाहिरात पाठवली तर ती क्रमांक पुसतील. किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी. वाचण्याजोगे काही दिल्याशिवाय लोक वाचत नाहीत हे त्यांना उमगले होते, म्हणून त्यातून पुढे महाराष्ट्राचे एक मोठे मासिक घडले. मसाल्याच्या मिरच्या यंदा कुठून घेतल्या, दर का वाढला, लोणचे कधी मुरेल, हे सांगणारे महिन्याकाठी चार ओळींचे पत्र सवलतीच्या दहा संदेशांहून अधिक काम करते. मात्र यादी संमतीने केलेली असावी आणि नको म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढावे. गिऱ्हाईक आपले असणे म्हणजे त्याच्यावर मालकी असणे नाही. त्याने पुन्हा बोलण्याची परवानगी दिलेली असणे.

काही गाठी मात्र विक्रेत्याच्या हाताने सुटणाऱ्या नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीची मर्यादा न ओलांडणाऱ्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय प्लॅटफॉर्मवर माल विकता येतो, पण राज्यातल्या राज्यातच. थेट विक्रीतही राज्याची हद्द ओलांडली की नोंदणी सक्तीची. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तूंना ठरावीक उलाढालीपर्यंत सूट आहे. म्हणजे सावंतवाडीचा कारागीर लाकडी खेळणी पणजीला पाठवू शकतो, आणि त्याच गल्लीतली बाई कोकम सरबताची एक बाटली पाठवायला निघाली तर आधी जीएसटीच्या चक्रात शिरते, जरी पणजी तिला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ असली. हस्तकलेला दिलेली सूट लहान घरगुती खाद्योद्योगाला दिली, तर सीमेवरच्या तालुक्यांना त्यांची नैसर्गिक बाजारपेठ परत मिळेल.

दुसरी मागणी लौकिकाच्या नोंदीची. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल बाजार कायद्याने बड्या प्लॅटफॉर्मांवर बंधन घातले आहे, की त्यांच्यावर व्यवसाय करणाऱ्याला त्याच्या व्यवहारांतून निर्माण होणारी माहिती मिळाली पाहिजे, आणि गिऱ्हाइकाची वैयक्तिक माहिती त्याच्या संमतीने. भारतात मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला आणि चर्चेतच रेंगाळला. त्यावर मोठमोठ्या कंपन्या बोलल्या. लहान विक्रेत्यांचा आवाज क्षीण होता. विक्रेत्याला त्याचे शेरे आणि गुणांकन प्रमाणित स्वरूपात सोबत नेता यावे, आणि गिऱ्हाइकाला खरेदीच्या वेळी ‘या विक्रेत्याने मला पुन्हा संपर्क केला तरी चालेल’ असा पर्याय मिळावा, एवढ्या दोन तरतुदी झाल्या तरी चित्र पालटेल.

यावर रास्त आक्षेप आहेत. पहिला असा, की लोकांना स्वस्त हवे असते, नाते नको असते. मोबाइलचे कव्हर किंवा चार्जरची वायर घेताना हे खरेच आहे. ती कोणी विकली याने काही बिघडत नाही, आणि असा माल विकणाऱ्याला माझ्या मांडणीचा फारसा उपयोग नाही, हे मी मान्य करतो. त्याचे भवितव्य दराच्या स्पर्धेत आहे. पण ज्या वस्तूत करणाऱ्याचा हात दिसतो, म्हणजे खाद्यपदार्थ, कापड, चप्पल, पुस्तक, फळ, तिथे माणसे हात ओळखतात आणि त्यासाठी थोडे अधिक मोजतात. दुसरा आक्षेप, की थेट विक्रीत वेळ फार जातो. जातो, म्हणूनच हे काम एकटीने करू नये. पाच गटांनी मिळून एक नाव, एक नोंदवही, पार्सल बांधणारी एक मुलगी ठेवली, तर तो खर्च जाहिरातीवर जाणाऱ्या पैशांच्या आत बसू शकतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पन्नास वर्षांपूर्वीचा स्वयंसेवी उत्साह आता कुठून आणायचा? दहा मिनिटांत दारात किराणा आणणाऱ्या शहरात महिन्याची यादी कोण करील? माझे उत्तर असे, की रोजच्या दुधा-कांद्यासाठी कोणी करणार नाही आणि करण्याची गरजही नाही. पण वर्षातून सहा-सात गोष्टी अशा आहेत ज्या प्रत्येक मराठी घर ठरवून, आधी सांगून घेते: उन्हाळ्यातला मसाला आणि वाळवण, आंबा, वर्षाचे तांदूळ, गणपतीची आरास, दिवाळीचा फराळ आणि दिवाळी अंक, संक्रांतीचे वाण. एवढ्यांची मागणी एखाद्या सोसायटीने एकत्र केली, तरी कितीतरी कुटुंबांचे वर्ष उभे राहील. व्हॉट्सअ‍ॅपचा गट प्रत्येक इमारतीत आहेच. २०२० मध्ये आंब्यासाठी तो एका आठवड्यात बाजारपेठ झाला होता.

म्हणून माझे सांगणे आता विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला अधिक आहे. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या आणि पार्किंगच्या विषयांनंतर एक विषय मांडा: या वर्षी कोणत्या तीन गोष्टी आपण एकत्र आणि थेट करणाऱ्याकडून घ्यायच्या. एक माणूस नेमा, दर आणि दर्जा उघडपणे ठरवा, अर्धे पैसे आधी द्या आणि माल निकृष्ट निघाला तर तेही तोंडावर सांगा. करणारीला पुढच्या हंगामाची मागणी आजच कळू द्या, म्हणजे ती कच्चा माल योग्य वेळी, योग्य दराने घेऊ शकेल आणि उचल घेऊन कोणाच्या बांधिलकीत अडकणार नाही. पर्यायी बाजारपेठ विक्रेत्याने शोधून काढायची वस्तू आहे असे आपण समजत आलो. तिच्यातला मोठा वाटा घेणाऱ्यांनी उभारायचा आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या अ‍ॅपची वाट पाहावी लागत नाही.